पायव्याखालची ठासणी

इंग्रजीत ‘अंडरपिनिंग’ असा एक शब्द आहे. अनुवादाच्या कामात तो मला आठवड्यातून एकदा तरी भेटतो. एखाद्या कायद्यामागची तत्त्वं, एखाद्या योजनेमागचा विचार, एखाद्या विद्याशाखेची गृहीतकं सांगायची असली की इंग्रजी लेखक तो शब्द बहुधा अनेकवचनात वापरतो, ‘अंडरपिनिंग्ज’. मी गेली बावीस वर्षं त्याच्या जागी ‘पाया’ लिहून पुढं जात आलो. कधी ‘आधार’, कधी ‘अधिष्ठान’, वाक्य जरा भारदस्त असेल तर ‘वैचारिक बैठक’. कुणी कधी हरकत घेतली नाही. आता मात्र माझं मत असं झालंय की हा अनुवाद पुष्कळ ठिकाणी चुकतो, आणि ती चूक अनुवादाच्या कागदावरच थांबत नाही. आपण राज्य, शाळा, संस्था, धरण यांच्याविषयी जे बोलतो त्यातही ती उतरते.

हे मत कोश चाळून झालेलं नाही. घराच्या भिंतीला तडा गेला तेव्हा झालं.

आमचं घर दक्षिण नागपुरात, मानेवाड्याच्या पलीकडच्या एका लेआउटमध्ये. वडिलांनी नोकरीत असताना बांधलेलं, विटांच्या भिंतींवर उभं असलेलं, कॉलम-बीम नसलेलं साधं घर. खाली काळी माती. नागपुरात ज्यानं कधी घर बांधलंय त्याला या मातीबद्दल काही सांगावं लागत नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं गेला की आकसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. दर वर्षी खालची जमीन घराला थोडं वर ढकलते आणि पुन्हा खाली सोडते. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं या मातीसाठी तळाशी फुगीर असलेले खांब विकसित केले, ते तिची ही हालचाल जिथं थांबते त्या खोलीवर टेकतात, साधारण साडेतीन मीटरवर. वडिलांच्या काळी आमच्या लेआउटमध्ये एवढं कोण करणार? चार फूट खोदलं, मुरूम टाकला, दबाई केली, पाया भरला.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खड्डा खणला गेला. तो पावसाळाभर पाण्यानं भरून तसाच राहिला. दिवाळीच्या आसपास आमच्या मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघाला आणि छताकडं चढू लागला. नातेवाइकांत दोन मतं पडली. एक मत, प्लास्टर करून रंग मारून घ्या, नागपुरात तडा नसलेलं घर दाखवा. दुसरं मत, पायाच गेला म्हटल्यावर राहिलं काय, पाडा आणि फ्लॅट स्कीमला देऊन टाका. दोन्ही मतं मांडणारी माणसं आमच्या काळजीपोटीच बोलत होती.

ओळखीच्या एका इंजिनिअरनं भंडारा जिल्ह्यातले एक वयस्क मिस्त्री पाठवले. त्यांनी आल्या आल्या काही केलं नाही. तड्यावर आडवी काचेची एक पट्टी ठेवली, तिची दोन्ही टोकं प्लास्टरनं भिंतीला पक्की केली आणि पेन्सिलनं शेजारी तारीख लिहिली. काच फुटली तर भिंत अजून चालते आहे, शाबूत राहिली तर भिंत स्थिरावली. अकराव्या दिवशी काच मधोमध तडकली. तेव्हा ते जमिनीवर उकिडवे बसून म्हणाले, “पायवा तं बदलता येत नाही काकाजी, घर वर उभं हाये. खालून ठासून घ्या लागते.”

मी त्यांच्याकडं पाहतच राहिलो. ज्या शब्दासाठी मी बावीस वर्षं ‘पाया’ लिहीत होतो त्याचा नेमका अर्थ माझ्याच मागच्या खोलीत, माझ्याच भाषेत कुणीतरी उच्चारला होता.

पुढचे पाच आठवडे मी रोज ते काम पाहिलं. ते कसं होतं हे सांगितल्याशिवाय माझा मुद्दा पटणार नाही, म्हणून जरा तपशिलात सांगतो. वीस फुटांची भिंत. तिचे चार-चार फुटांचे पाच भाग पाडले आणि भिंतीवर खडूनं आकडे घातले. सगळी भिंत एकदम खालून उकरली तर ती खाली येणार हे उघड आहे, म्हणून आधी पहिला आणि चौथा भाग, ते पक्के झाल्यावर दुसरा आणि पाचवा, सर्वांत शेवटी तिसरा. शेजारशेजारचे दोन खड्डे एका वेळी उघडायचे नाहीत, हा या कामातला पहिला नियम. प्रत्येक खड्डा जुन्या पायाच्याही खाली, घट्ट मुरूम लागेपर्यंत नेला. सब्बल मारल्यावर आवाज बदलतो, त्यावरून मिस्त्रींना कळत होतं. मग खालून काँक्रीट भरत वर आणलं, पण जुन्या पायाला भिडवलं नाही. मध्ये तीन बोटं जागा मुद्दाम मोकळी ठेवली.

त्या तीन बोटांतच सगळं मर्म आहे. ओलं काँक्रीट सुकताना थोडं आकसतं. ते थेट वर भिडवलं तर सुकल्यावर केसाएवढी फट राहते, आणि फट राहिली की वरचा भार खाली उतरतच नाही. खाली एवढं भक्कम बांधकाम करूनही भिंत जुन्याच पायावर लटकत राहते. म्हणून खालचं काँक्रीट पुरतं कडक होऊ द्यायचं आणि मग ती मोकळी जागा कोरड्या मसाल्यानं ठासायची. मसाला असा की मुठीत दाबला तर लाडू वळावा पण तळहात ओला होऊ नये. लाकडाचा ठोकळा लावून हातोडीनं तो आत आत मारत जायचा, जागा उरेनाशी होईपर्यंत. मिस्त्री ठोकताना आवाज ऐकत होते. आधी दबका, भुसभुशीत आवाज येतो. शेवटी घणावर घण बसावा तसा टणक आवाज आला की ते हात थांबवायचे.

इंग्रजी शब्दातला ‘पिन’ हाच आहे. टाचणी नव्हे. इंग्रज गवंडी या शेवटच्या ठासणीला ‘पिनिंग अप’ म्हणतात. दगडी बांधकामात मोठ्या दगडांमधल्या पोकळीत ठोकून बसवलेल्या बारीक दगडांनाही त्यांच्याकडं हाच शब्द आहे. आपले पाथरवट त्यांना चिपा म्हणतात. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ ‘खालून ठासणं’ असा सरळ, कामाचा आणि हाताचा आहे. उभ्या असलेल्या, वापरात असलेल्या गोष्टीखाली नंतर जाऊन, तुकड्यातुकड्यानं, तिचा भार नव्या घट्ट जमिनीवर उतरवून देणं. पुढं तो विचारांच्या प्रांतात गेला आणि सैल झाला. आज इंग्रजीतही कितीतरी लेखक तो निव्वळ ‘पाया’ अशा अर्थानं वापरतात, आणि तिथं ‘पाया’ हाच अनुवाद बरोबर ठरतो. जुन्या बोलीत तर ‘अंडरपिनिंग्ज’ म्हणजे चक्क माणसाचे पाय असाही अर्थ होता. पाय आणि पाया यांचं नातं आपल्या कानाला आपोआप कळतं, इंग्रजी तिथं दुसऱ्याच वाटेनं पोचली. पण चांगला लेखक हा शब्द निवडतो तेव्हा त्याला बहुधा पायाहून काही वेगळं सांगायचं असतं, आणि आपण ते गाळून टाकतो.

या कामाचं सर्वांत मोठं उदाहरण इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या कॅथेड्रलचं आहे. त्याचा पूर्वेकडचा भाग तेराव्या शतकात दलदलीच्या जमिनीवर, बीच झाडांच्या ओंडक्यांवर उभा केला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो भाग खचू लागला. खाली खड्डे घ्यावेत तर ते पाण्यानं भरत, आणि पंपानं पाणी उपसावं तर वरचं सगळं कोसळण्याची भीती. तेव्हा विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याला बोलावलं. १९०६ ते १९११ अशी जवळपास सहा वर्षं तो गढूळ पाण्यात, संपूर्ण अंधारात, निव्वळ हाताच्या स्पर्शानं काँक्रीटच्या पिशव्या तळाशी रचत राहिला. तळ असा बंद झाला की मग पाणी उपसता येई आणि गवंडी खाली उतरून पुढचं बांधकाम करत. पंचवीस हजारांहून अधिक पिशव्या, लाखाहून अधिक ठोकळे आणि नऊ लाखांच्या घरात विटा त्या पायाखाली गेल्या. वरून पाहणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की इमारत उभी आहे.

आता मराठीकडं येऊ. आपल्या भाषेत पायाभोवती जेवढे शब्दप्रयोग आहेत ते सगळे सुरुवातीचे आहेत. पायाभरणी, पायाचा दगड, पाया रचणे, पाया घालणे. त्यातून निघालेली विशेषणंही तशीच, पायाभूत, पायाशुद्ध. पाया एकदा भरला की मातीत गाडला जातो आणि त्यावर कायमचा निकाल लागतो. तो पक्का असतो किंवा कच्चा असतो. ‘मुळात पायाच कच्चा’ हे वाक्य आपण मुलाच्या गणिताविषयी म्हणतो, पक्षाविषयी म्हणतो, लग्नाविषयीही म्हणतो, आणि ते म्हटलं की पुढं बोलायला काही उरत नाही. कच्च्या पायाचं नंतर काय करता येतं, यासाठी लिहित्या मराठीत क्रियापद नाही. ‘टेकू’ आहे, पण टेकू बाजूनं लावतात, तो तात्पुरता असतो आणि राजकारणात तर त्याला जवळजवळ हिणकस छटा आली आहे, ‘टेकूवर उभं सरकार’. ‘डागडुजी’ आहे, पण ती वरवरची. ‘जीर्णोद्धार’ आहे, पण तो देवळाचा.

आणि गंमत नव्हे तर मला याचं मनापासून वाईट वाटतं, की आपल्या परंपरेत या कामाचं उत्तम उदाहरण असूनही आपण त्याला नाव दिलेलं नाही. ज्ञानदेवांनी पाया रचला आणि तुकोबा कळस झाले, हे रूपक प्रत्येक मराठी माणसाला तोंडपाठ आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० साली. पुढच्या तीन शतकांत नकलांवर नकला होत गेल्या, पाठभेद शिरले, कुणी आपल्या ओव्या घुसडल्या. १५८४ साली एकनाथांनी जुन्या प्रती मिळवून ती शुद्ध केली. ग्रंथ वापरात होता, लोक तो वाचत होते, त्यावर पंथ उभा होता. त्यांनी नवा ग्रंथ रचून जुना बाजूला सारला नाही, आणि आहे ते पवित्र म्हणून हातही जोडून बसले नाहीत. ते पायाखाली उतरले. त्या रूपकात एकनाथांना खांबाचा मान मिळाला आहे. त्यांनी पायाखाली केलेलं काम मला त्याहून मोठं वाटतं.

शब्द नसण्याचा तोटा कुठं दिसतो, हे आता सांगतो. घराच्या तड्यावर आमच्या नातेवाइकांत जी दोन मतं पडली तीच दोन मतं आपल्या प्रत्येक सार्वजनिक वादात पडतात. एक बाजू म्हणते पाया भक्कम आहे, तडे काय पडतातच. दुसरी म्हणते पायाच चुकला, पाडून नवं बांधा. जिल्हा परिषदेच्या शाळा घ्या, विद्यापीठ घ्या, सहकारी बँक घ्या, एसटी घ्या. घर उभं ठेवून, आत माणसं राहत असताना, एका वेळी एक खड्डा घेऊन खालून ठासायचं, ही तिसरी वाट चर्चेत येतच नाही. ती कंटाळवाणी आहे, वेळ खाते आणि पूर्ण झाल्यावर दिसत नाही. भूमिपूजनाला नारळ असतो, मंडप असतो, कोनशिला असते. ठासणीला काहीच नसतं.

पण आपल्या प्रजासत्ताकाबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट नेमकी याच भाषेत सांगितली गेली होती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत बोलले. त्यांचं म्हणणं असं होतं की राजकीय लोकशाहीच्या तळाशी सामाजिक लोकशाही नसेल तर ती टिकणार नाही. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. ही विसंगती लवकरात लवकर दूर केली नाही, तर विषमतेचा जाच सोसणारे लोक या सभेनं एवढ्या कष्टानं उभारलेली इमारत उडवून देतील, असा इशारा त्यांनी दिला.

हे भाषण आपण शेकडो वेळा ‘संविधानाचा पाया’ या मथळ्याखाली वाचलंय. पण त्यातला क्रम नीट पाहा. इमारत आधी उभी राहिली होती. तिच्या तळाशी जे असायला हवं ते अजून नव्हतं, आणि ते नंतर, माणसं आत राहत असतानाच भरायचं होतं. म्हणून ‘पायाभरणी’ हा शब्द इथं अपुरा पडतो. पायाभरणी म्हटली की वाटतं, ती १९५० साली झाली, संपली, आता वर मजले चढवायचे. बाबासाहेब सांगत होते ते काम ठासणीचं होतं. शाळेत एका पंगतीत बसलेली मुलं, पाण्याच्या एका नळावर भरलेल्या घागरी, जातीबाहेर झालेलं लग्न, कसणाऱ्याच्या नावावर झालेला सातबारा, हे त्यातले चार-चार फुटांचे खड्डे. मध्ये केसाएवढी फट राहिली तरी भार उतरत नाही, हेही तितकंच खरं. कागदावर योजना आहे, निधी आहे, समिती आहे, आणि तरी वस्तीतल्या माणसापर्यंत काही पोचत नाही, तेव्हा मला हटकून ती तीन बोटांची जागा आठवते. खालचं बांधकाम झालं, ठासायचं राहिलं.

इथं एक आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे. प्रत्येक उभी गोष्ट ठासून टिकवावी का? मुळीच नाही. याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह जुनं घर सोडलं. ते घर त्यांना खालून ठासायचं नव्हतं, कारण ज्याच्या रचनेतच एकानं दुसऱ्याच्या डोक्यावर उभं राहायचं ठरलंय त्याला आधार देणं म्हणजे अन्यायाला आधार देणं. जाती टिकतात त्याही कशाच्या तरी ठासणीवरच, पोटजातीतली सोयरीक, आडनाव ऐकून बदलणारा घरमालकाचा सूर, गावाबाहेरची वेगळी स्मशानं. इंग्रजी लेखक अशा ठिकाणीही हाच शब्द वापरतो आणि तो तिथं फार उपयोगी पडतो, कारण तो विचारायला लावतो की ही गोष्ट इतकी जुनी असूनही पडत कशी नाही, तिला खालून कोण ठासतंय? ‘जातीचा पाया’ म्हटलं की आपण ग्रंथांकडं बोट दाखवून मोकळे होतो. ‘जातीची ठासणी’ म्हटलं की बोट आपल्या घराकडं वळतं.

विदर्भाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराच्या, म्हणजे निधी आणि नोकऱ्यांत योग्य वाटा देण्याच्या नेत्यांमधल्या वचनाच्या, भरवशावर हा प्रदेश पुढं मराठी राज्यात आला. विधिमंडळाचं एक अधिवेशन दर वर्षी इथं भरतं ते त्या करारामुळं. करार हा पाया. पण पायाला तडे जाणार हे तेव्हाच्या संसदेला कळत होतं, म्हणून १९५६ साली अनुच्छेद ३७१ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद झाली. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ साली. निधीचं वाटप, अनुशेष, नोकऱ्यांतला वाटा यावर दर वर्षी नजर ठेवायची, म्हणजे भिंतीवर काचेची पट्टी लावून बसायचं, हे त्यांचं काम. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहू दिली गेली. मुंबई-पुण्यात त्याचा फारसा गवगवा झाला नाही, आणि खरं सांगायचं तर नागपुरातही झाला नाही. मंडळांची कामगिरी कमी पडली असेल, यावर जरूर वाद घाला. पण काच काढून टाकल्यानं भिंत चालायची थांबत नाही. इथल्या चर्चेत पुन्हा दोनच आवाज ऐकू येतात, संयुक्त महाराष्ट्राचा पाया अभेद्य आहे किंवा वेगळा विदर्भ करा. मी दोन्ही बाजूंच्या सभांना गेलोय. मधल्या वाटेबद्दल बोलायला उभं राहिलेला माणूस तिथं तळ्यात-मळ्यात करणारा ठरतो.

नागपुरातल्या अंबाझरी तलावाचंही तेच. एकोणिसाव्या शतकातला हा बांध, त्याच्या खाली गेल्या पन्नास वर्षांत वाढत गेलेलं शहर, नाग नदीचं आक्रसलेलं पात्र. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत झोपेतल्या लोकांच्या घरात पाणी शिरलं. विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला तेव्हा बांध बळकट करण्याची चर्चा सर्वांच्या तोंडी आली. दीडशे वर्षांचा बांध बळकट करावा लागतो हे त्याआधी कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ज्या कामाला रोजच्या भाषेत नाव नसतं ते काम अंदाजपत्रकातही शेवटच्या पानावर जातं.

दीक्षाभूमीवर १ जुलै २०२४ ला जो उद्रेक झाला त्याचंही मूळ हेच आहे असं मला वाटतं. स्तूपाच्या परिसरात भूमिगत पार्किंगसाठी मोठं खोदकाम सुरू होतं. स्तूपाला धोका होईल ही लोकांची भीती होती, शेवटी सरकारला काम थांबवावं लागलं. आमच्या भिंतीशेजारचा पाण्यानं भरलेला खड्डा ज्यानं पाहिलाय त्याला ती भीती समजावून सांगावी लागत नाही. तांत्रिक उत्तर त्या कामाच्या कागदांत कुठंतरी असेलही. पण उभ्या वास्तूशेजारी खणताना तिच्या पायाला काय संरक्षण दिलंय, हे लोकांना त्यांच्या भाषेत चार वाक्यांत कुणी सांगितल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

मग शब्द कोणता वापरायचा? ‘अंडरपिनिंग’ तसाच देवनागरीत घ्यावा असं काही इंजिनिअर मित्र म्हणतात. फुटिंग, प्लिंथ, कॉलम, स्लॅब हे शब्द आपण घेतलेच आहेत आणि ते मिस्त्रींच्या तोंडीही रुळलेत, मला त्यांचा काही त्रास नाही. पण हा शब्द कामगारांच्या तोंडी गेलेला नाही. तो फक्त कागदावर आहे, आणि कागदावरून तो वैचारिक लेखनात येतो तेव्हा वाचकाला त्यातला हातोडा ऐकू येत नाही.

दुसरी वाट संस्कृतातून घडवायची. या शहराला त्या वाटेचा मोठा अनुभव आहे. नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होती तेव्हा डॉ. रघुवीर यांनी इथं राहून राज्यकारभारासाठी हजारो संस्कृतोद्भव शब्द घडवले. त्या कामामागची तळमळ आणि विद्वत्ता निर्विवाद आहे, आणि त्यातले कितीतरी शब्द आज आपण सहज वापरतो. पण जे शब्द एखाद्या कामकऱ्यानं आधीच घडवून ठेवले होते त्यांच्या जागी नवे घडवले, तिथं ते बसले नाहीत. ‘अधोदृढीकरण’ मीही एका अनुवादात एकदा लिहिलं होतं. व्याकरणानं त्यात काही चूक नाही. पण त्या शब्दानं कुणाच्या डोळ्यांपुढं काही उभं राहत नाही.

म्हणून माझा आग्रह ‘ठासणी’साठी आहे. क्रियापद हवं तिथं ‘खालून ठासणे’, पूर्ण शब्द हवा तिथं ‘पायाठासणी’, विदर्भात ‘पायव्याची ठासणी’. ‘ठासून सांगणे’ आपल्याकडं आहेच, त्यामुळं शब्द परका वाटणार नाही. काही वाचकांना त्यात बंदूक ठासण्याचा जोर जाणवेल, जाणवू दे. जोराशिवाय हे काम होतही नाही. जिथं इंग्रजी लेखकाला निव्वळ पाया म्हणायचंय तिथं मी पायाच लिहीन. जिथं उभ्या गोष्टीखालचा, नंतर दिलेला, डोळ्यांना न दिसणारा आधार अभिप्रेत आहे तिथं ठासणी लिहीन. हा निवाडा प्रत्येक वाक्यागणिक करावा लागेल, यंत्रासारखा एकास एक शब्द बदलून चालणार नाही.

हा प्रश्न आत्ताच का महत्त्वाचा आहे, तेही सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण सगळे आनंदलो. त्याआधी २०२१ पासून अभियांत्रिकीचं शिक्षण मराठीतून देण्याची मुभा मिळाली आहे आणि पाठ्यपुस्तकं मराठीत येऊ लागली आहेत. ती पुस्तकं करणारे प्राध्यापक आणि अनुवादक माझ्यासारखेच टेबलावर इंग्रजी पुस्तक आणि शेजारी परिभाषा कोश घेऊन बसतात. त्यांना माझी विनंती आहे की इमारत बांधकामाचा धडा करताना दोन दिवस साइटवर जाऊन बसा. चुन्याच्या, दगडाच्या, विटांच्या कामाचे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ती पिढी आता साठीच्या पुढं आहे. आमचे मिस्त्री सांगत होते की त्यांच्या मुलानं टाइल्स बसवण्याचं काम धरलंय, पायव्याचं काम नव्या पोरांना नको असतं. ते शब्द गेले की कोशांत पोकळी राहील, आणि ती कोरड्या मसाल्यानं ठासता येणार नाही.

भाषा दर्जा मिळाल्यानं टिकत नाही हे सगळेच म्हणतात. मराठी ही उभी, वापरात असलेली, कोट्यवधी माणसं आत राहत असलेली इमारत आहे. तिची नव्यानं पायाभरणी करायला निघालेले शुद्धीवादी मला जितके धोक्याचे वाटतात, तितकेच ‘काही होत नाही हो तिला’ म्हणणारेही. एक शब्द, त्याचा एक नेमका वापर, शेजारचा भाग पक्का झाल्यावर पुढचा. याहून वेगळी रीत मला माहीत नाही.

काम संपल्यावर मिस्त्रींनी तड्यावर नवी काच लावली आणि तारीख घातली, १४ जानेवारी. तड्यात प्लास्टर भरायला मात्र नकार दिला. “एक पावसाळा अन् एक उन्हाळा जाऊ द्या काकाजी, मंग पाहू,” म्हणाले. पावसाळा गेला, उन्हाळा गेला, काच शाबूत होती. त्यांना फोन केला. ते तेव्हा उमरेड रोडला कुणाच्यातरी घराखाली खड्ड्यात होते, तिसरा भाग सुरू होता, म्हणाले तो ठासून झाल्याशिवाय येता येणार नाही.